चिखल हवा, डबकं नको : पाणथळ बागेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की अंगणातला कायम ओला राहणारा कोपरा भराव टाकून बुजवू नका, तिथे छान पाणथळ बाग होते, म्हणजे हल्ली सगळे ज्याला बॉग गार्डन म्हणतात ते. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय, गुलाबवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा प्लीज. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं जरा कापलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमच्या मागच्या अंगणात एका कोपऱ्यात पाऊस थांबला तरी दोन-दोन दिवस चिखल असतो, जे लावलं ते कुजून गेलं. हाच तो कोपरा ना? झाडं आणायला निघू का?

थांबा जरा. आधी हे बघा की तिथे पाणी येतं कुठून. पाऊस नसतानाही तो कोपरा ओला राहत असेल आणि जवळून पाण्याची किंवा ड्रेनेजची लाईन जात असेल, सेप्टिक टँक असेल, तर ती बागेची जागा नाही, ते प्लंबरचं काम आहे. हे मी गंमत म्हणून नाही लिहीत, लोक गळक्या पाइपवर हौसेने झाडं लावतात आणि मग मुळं पाइपात शिरली की सगळं उकरावं लागतं.

पाइप वगैरे काही नाही अशी खात्री झाली की फूटभर खोल आणि फूटभर रुंद खड्डा खणा, पाण्याने काठोकाठ भरा, ते जिरू द्या आणि परत भरा. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते म्हणून दुसऱ्यांदा भरायचं, खरा अंदाज तेव्हा येतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला खड्ड्यात पाणी दिसलं तर तुमची जमीन पाणी धरून ठेवणारी आहे, चिकण माती असणार. आणि असा कोपरा भर उन्हाळ्यातही ओलाच राहत असेल तर तुम्हाला लायनर (खड्ड्यात अंथरायचं जाड प्लास्टिक), खोदकाम यातलं काहीच नको, थोडं पालापाचोळ्याचं खत मिसळा आणि लावा. पण बहुतेक ठिकाणी गोष्ट वेगळी असते, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. पाणथळ झाडांना चिखल चालतो, भेगा चालत नाहीत. मग दोनच रस्ते : एकतर कर्दळ, स्पायडर लिली असली दोन्ही सहन करणारी झाडं लावून मोकळं व्हायचं, नाहीतर खाली लायनर घालून ओल वर्षभर टिकवायची. पहिला रस्ता आळशी माणसाचा आहे आणि मला तो आवडतो, पण प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना दुसरा हवा असतो असं दिसतंय.

एक राहिलं, घराच्या भिंतीला लागून करू नका, पाया कायम ओलसर ठेवणं परवडणारं नाही.

प्रश्न : पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं करायचं ते एकदा नीट सांगा ना. खड्डा किती, प्लास्टिक कुठलं, माती कुठली. तुकड्यातुकड्यात वाचून गोंधळ होतो.

बरं, सगळं सांगते, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट आकाराची. लोक भीतभीत हातभर लांबीचा खड्डा करतात आणि तो उन्हाळ्यात दोन दिवसात वाळतो, कारण छोट्या जागेतलं पाणी पटकन उडतं. जागा असेल तर मोठी करा, निदान दीड-दोन चौरस मीटर तरी. खोली 45 ते 60 सेंटिमीटर. यापेक्षा उथळ केलंत तर रोज पाणी घालत बसाल, आणि यापेक्षा खोल करून काही विशेष मिळत नाही, फक्त कंबर दुखते. तळ सपाट ठेवा, उतरता झाला तर पाणी एका बाजूला जमतं आणि अर्धी बाग तहानलेली, अर्धी बुडालेली. टोकदार दगड, मुळं काढून टाका. आणि हो, खणलेली माती खड्ड्यातल्यापेक्षा जास्त वाटते, फुगते ती, त्यामुळे ढीग कुठे घालायचा ते आधी ठरवा, नंतर घरच्यांशी भांडण नको.

मग लायनर. तळ्यासाठी मिळतो तो जाड रबरी किंवा पीव्हीसीचा लायनर उत्तम, पण इथे त्याची चैन करायची गरज नाही कारण आपल्याला पाणी शंभर टक्के अडवायचंच नाहीये. जुन्या तळ्याचा फाटका लायनर, जाड काळं प्लास्टिक, काहीही चालतं. माप काढायचं साधं गणित : लांबी अधिक दोनदा खोली अधिक दोन्ही बाजूंना 30-30 सेंटिमीटर जास्तीचं, रुंदीचंही तसंच. म्हणजे 2 मीटर बाय दीड मीटरचा आणि अर्धा मीटर खोल खड्डा असेल तर 3.6 बाय 3.1 मीटरचा तुकडा लागेल.

आता इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात. लायनर अंथरला की त्याला भोकं पाडायची. हो, मुद्दाम. साधारण मीटर-मीटर अंतरावर बागकामाचा काटा (फोर्क) खुपसायचा, बास. लोकांना जिवावर येतं, एवढं चांगलं प्लास्टिक घेतलं आणि भोकं कशाला. तर त्याचं कारण असं की भोकं नसतील तर खाली पाणी कोंडून राहतं, आणि पाण्यातून ऑक्सिजन जमिनीतल्या हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू सरकतो, म्हणजे मुळांचा श्वासच कोंडतो. आपल्याला माती ओली हवी, पण पाणी हळूहळू खाली सरकत राहायला हवं. तळ्यात आणि पाणथळ बागेत फरक एवढाच.

भोकांवर लगेच माती टाकली तर ती बुजतात, म्हणून तळाला 7-8 सेंटिमीटर खडीचा थर. जमलं तर याच थरात एक जुना होजपाइप आडवा घालून ठेवा, त्याचं आतलं टोक बंद करायचं, फूट-फूट अंतरावर छिद्रं पाडायची आणि दुसरं टोक बाहेर काढून ठेवायचं. उन्हाळ्यात या टोकाला नळ जोडून सोडला की पाणी खालून वर झिरपतं, वरून धो-धो ओतावं लागत नाही. बाहेरचं टोक वापरात नसेल तेव्हा बूच लावून ठेवा, का ते डासांच्या प्रश्नात येईल.

माती तीच, खणलेली. त्यात चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत मिसळायचं, तीन घमेली माती तर एक घमेलं खत असं. वाळू नको. ताजं शेण तर अजिबात नको. भरताना पायाने तुडवून दाबू नका, फार मोह होतो. लायनरच्या कडा मातीच्या पातळीच्या 5 ते 8 सेंटिमीटर खाली राहतील अशा कापा किंवा दुमडा. याने दोन कामं होतात, प्लास्टिक उन्हात दिसत नाही आणि झडत नाही, आणि मुसळधार पाऊस आला की जास्तीचं पाणी कडेवरून बाजूच्या जमिनीत निघून जातं, झाडांचे गड्डे बुडत नाहीत.

भरून झालं की भरपूर पाणी द्या आणि आठवडाभर विसरून जा. माती बसते, खाली जाते, कुठे खळगा पडतो, तो भरून घ्या आणि मगच झाडं लावा. तयार मातीची परीक्षा मुठीत करायची : मूठभर घेऊन दाबली तर एखाददुसरा थेंब गळला पाहिजे, धार लागली तर जास्त झालं. आणि आत जायला दोन-चार सपाट दगड किंवा एक फळी टाकून ठेवा, ओल्या मातीवर एकदा पाय दिला की तिच्यातली हवा निघून जाते आणि ती परत यायला फार वेळ लागतो.

प्रश्न : झाडं कुठली लावू ते लिहाच. आमच्याकडे दुपारपर्यंत ऊन असतं.

दुपारपर्यंतचं ऊन म्हणजे छानच. मागच्या बाजूला उंच : कर्दळ, सोनटक्का, अम्ब्रेला पाम, शोभेचे अळूचे प्रकार (काळ्या पानाचा फार देखणा दिसतो, फक्त कापताना हातमोजे घाला, चीक खाजतो). मध्ये वेखंड, स्पायडर लिली, आणि हवा थंड असेल तर आयरिस, अ‍ॅस्टिल्बी, प्रिम्युला, रॉयल फर्न. कडेने खाली पसरायला ब्राह्मी, तिची छोटी फिकट फुलं सतत येत राहतात आणि माती झाकली गेल्याने ओल टिकते. सावलीचा तुकडा असेल तिथे पीस लिली.

एकाच वेळी वीस प्रकार आणू नका. तीन-चार प्रकार निवडा आणि प्रत्येकाची पाच-सहा रोपं घोळक्याने लावा, एकेकटं लावलं की नर्सरीच्या मांडणीसारखं दिसतं. कमळ, वॉटर लिली इथे नाही हं, त्यांना वर उभं पाणी लागतं.

प्रश्न : मला करायचंय पण सासूबाईंचा ठाम विरोध आहे, म्हणतात घरात डास आणायचे धंदे. त्यांना काय सांगू?

सांगा की त्यांची भीती बरोबर आहे पण जागा चुकलीय. डासाची अळी आणि कोष हे सगळं उभ्या पाण्यातच वाढतं आणि गरम हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसत्या ओल्या मातीत अळीला पोहायला पाणीच नसतं. म्हणजे बाग नीट केलेली असेल, वर पाणी दिसत नसेल, तर तिथे डास वाढत नाहीत. वाढतात कुठे, तर टबाखालच्या ताटलीत, त्या होजपाइपच्या उघड्या टोकात, पाय रुतून झालेल्या खळग्यात, बागेशेजारी पालथी न घातलेल्या बादलीत. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक चक्कर मारायची आणि जिथे पाणी चकाकतंय तिथे मातीची ओंजळ टाकायची. काढताच येत नाही असं पाणी कुठे असेल तर बीटीआय नावाच्या जिवाणूच्या गोळ्या मिळतात, त्या डासांच्या अळ्या मारतात, माशांना-बेडकांना काही करत नाहीत.

आणि हे सासूबाईंना सांगू नका, पण उत्तर अमेरिकेत डासाची एक जात अशी आहे जी कीटकभक्षी पिचर प्लांटच्या पानातल्या पाण्यातच अंडी घालते. कीटक खाणाऱ्या झाडाच्या पोटात डासाचं बाळंतघर!

प्रश्न : मी एक व्हिडिओ बघून दोन महिन्यांपूर्वी बॉग गार्डन केलं. आता कुजक्या अंड्यासारखा वास येतो, माती काळी पडलीय आणि वेखंडाची पानं पिवळी. प्लास्टिकला भोकं नाहीत कारण व्हिडिओत नव्हती. सगळं उपसावं लागेल का?

नाही, उपसू नका अजून. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. मातीतला ऑक्सिजन संपला की मग हवेशिवाय जगणारे जिवाणू जोरात येतात, त्यातले काही हा वायू सोडतात आणि लोह-गंधकाचं संयुग बनून माती काळी पडते. थोडाफार असा काळा थर प्रत्येक दलदलीत खाली असतोच, वर वास यायला लागला म्हणजे तो वरपर्यंत आलाय. वेखंडासारख्या पाणथळ झाडांच्या देठात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, पानातून हवा खाली मुळांपर्यंत नेतात ती, पान आडवं कापून बघा, आत जाळी दिसेल. म्हणूनच ती चिखलात जगतात. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि तुमचं वेखंड तेच सांगतंय.

पाणी द्यायचं ताबडतोब बंद. एक पहार घ्या, झाडांच्या मुळांपासून जरा लांब, मीटरभर अंतरावर सरळ खाली घालत न्या, तळाचं प्लास्टिक फुटल्याचं हाताला कळतं. त्या भोकात वरपर्यंत खडी भरा म्हणजे ते बुजणार नाही. दोन-चार दिवसात पाणी उतरेल, वास काही दिवस अजून राहील, मग जाईल. वर काही शेणखत, किचनचा ओला कचरा असं टाकलं असेल तर खरडून काढा, कुजताना तेच सगळा ऑक्सिजन खातंय. महिन्याभरात नवी पानं हिरवी आली तर झालं. नाहीच आली तर मात्र फावडं काढा.

प्रश्न : कर्दळी-वेखंडाबरोबर व्हीनस फ्लायट्रॅप आणि पिचर प्लांट पण लावू का? मुलांना फार हवीत.

नाही. एका बेडमध्ये कधीच नाही.

बॉग गार्डन या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या बागा येतात आणि नव्वद टक्के गोंधळ त्यानेच होतो. एक ओली आणि सकस, वर सांगितलेली, कर्दळीची. दुसरी ओली आणि उपाशी. खऱ्या बॉगला, म्हणजे निसर्गातल्या तशा दलदलीला, पाणी फक्त पावसाचं मिळतं, त्यात खनिजं नाहीत, त्यात स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं जे स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आंबट करतं. अशा जागेत नायट्रोजनची एवढी मारामार असते की झाडांनी किडे पकडायला सुरुवात केली. त्यांची मुळं खतासाठी बनलेलीच नाहीत. तुमच्या पालापाचोळ्याच्या खतात व्हीनस फ्लायट्रॅप लावणं म्हणजे त्याला मीठ चोळण्यासारखं आहे, काळं पडून मरतं.

त्यांच्यासाठी वेगळा टब करा. निम्मं स्फॅग्नम पीट (दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं तेच शेवाळ), निम्मं परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली जाड सिलिका वाळू, बांधकामाची वाळू नको, तिच्यात चुना-क्षार असू शकतात. खत शून्य. तळाला भोक नाही पण बाजूला पृष्ठभागाच्या 8-10 सेंटिमीटर खाली एक-दोन भोकं, म्हणजे खाली पाण्याचा साठा राहतो आणि जास्तीचं निघून जातं. ऊन भरपूर, निदान सहा तास. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) 50 पीपीएमच्या आत.

आता मुलांसाठी. फ्लायट्रॅपच्या पानात आतल्या बाजूला बारीक केस असतात, वीसेक सेकंदांच्या आत दोन स्पर्श झाले की पान मिटतं, एका स्पर्शाने नाही, म्हणजे पावसाच्या थेंबाने उगाच मिटायला नको. मुलं दिवसभर काडी घालून मिटवत बसतात आणि प्रत्येक वेळी झाडाची ताकद फुकट जाते, मोजक्या वेळा मिटलं की ते पान कामातून जातं. एकदा दाखवा आणि मग टब जरा उंचावर ठेवा. आणि हे झाड जगात नैसर्गिकपणे फक्त अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनात उगवतं, त्याला तीन-चार महिन्यांची थंडीतली झोप लागते. तुमच्याकडे थंडी पडतच नसेल तर ते दोनेक वर्षांत थकून जातं, पिचर प्लांटमधल्या सारासेनियाचंही तेच. गरम हवेत दवबिंदू (ड्रॉसेरा) या कीटकभक्षी झाडाच्या उष्ण प्रदेशातल्या जाती जास्त खुश असतात, चिकट थेंबांनी चमकणारं ते इवलंसं झाड मला तरी फ्लायट्रॅपपेक्षा सुंदर वाटतं. फक्त दवबिंदू असो की सीतेची आसवं, माळावरून उपटून आणू नका, नर्सरीत वाढवलेलीच घ्या.

प्रश्न : पीट वापरणं पर्यावरणाला वाईट असं ऐकलं. कोकोपीट चालेल का?

बरोबर ऐकलंय. पीट साधारण वर्षाला एक मिलिमीटर या वेगाने साठतं, म्हणजे तुमच्या टबातला फूटभर थर तीनशे वर्षांचा. जगातल्या जमिनीच्या सुमारे 3 टक्के भागावर पीटलँड आहेत पण सगळ्या जंगलांतल्या झाडांत मिळून आहे त्यापेक्षा जास्त कार्बन त्यांच्या पोटात आहे, आणि खणून वाळवलं की तो हवेत जातो. त्यामुळे कर्दळीच्या बागेसाठी पीट अजिबात नको, गरजच नाही, पालापाचोळ्याचं खत तेच काम करतं. कोकोपीट तिथे मजेत चालेल. कीटकभक्षी टबात मात्र कोकोपीट धोक्याचं, त्यात बऱ्याचदा क्षार असतात, टीडीएस मीटरने तपासत धुऊन धुऊन घेतलं तर कदाचित. एका छोट्या टबापुरतं पीट वापरलंत तर मी काही ओरडणार नाही, ते वर्षानुवर्षं टिकतं.

प्रश्न : आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी, एसीचं पाणी, वॉशिंग मशीनचं पाणी यातलं काय सोडू शकतो बागेत?

एसीचं पाणी हवेतल्या वाफेचं बनतं, त्यात खनिजं जवळपास नसतात, एकदा मीटरने बघून कीटकभक्षी झाडांनाही देता येतं. आरओचं वाया जाणारं पाणी बरोब्बर उलटं, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. कर्दळीला अधूनमधून दिलं तर चालेल पण रोज नको, या बागेतून पाणी हळू वाहून जातं म्हणून क्षार साठत जातात आणि पानांच्या कडा जळतात. कीटकभक्षींना चुकूनही नाही. वॉशिंग मशीनचं नको, डिटर्जंटमध्ये सोडियम असतं. आता कुणीतरी म्हणेल की सांडपाणी साफ करायला रीड बेड (पाणगवताचे वाफे) करतातच की, करतात, पण ते हिशोब करून, मोठ्या जागेत, पाणी आधी टाकीत निवळून मग सोडतात, ती तुमची शोभेची बाग नाही.

प्रश्न : आमचा फ्लॅट आहे, टेरेस मिळालीय. एक बाय एक मीटरचं बॉग गार्डन विटांनी बांधून करावं म्हणतोय. काही हरकत?

काका, हरकत आहे. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. एक बाय एक मीटर आणि 45 सेंटिमीटर खोल म्हणजे 700 ते 900 किलो, वर विटा वेगळ्या. एका चौरस मीटरवर एवढं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवायचं नाही, आणि खालच्यांच्या छताला ओल आली की सोसायटीची मीटिंग तुमच्याच नावाने भरेल.

त्यापेक्षा 45-50 सेंटिमीटर तोंडाचे दोन-तीन प्लास्टिकचे टब घ्या, भिंतीच्या किंवा बीमच्या बाजूला ठेवा, मधोमध नको. भोकं तळाला न पाडता बाजूला, कीटकभक्षी टबासाठी सांगितली तशीच. मातीत निम्मं कोकोपीट घाला म्हणजे वजन कमी होतं. एकात अम्ब्रेला पाम आणि ब्राह्मी, एकात बुटकी कर्दळ, झालं. टब काळा असेल तर उन्हात मुळं शिजतात, बाहेरून बारदान गुंडाळा. टेरेसवर वारा असतो त्यामुळे कडक उन्हाळ्यात रोज बघावं लागेल, गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना आधीच पटवून ठेवा.

प्रश्न : तळ्याकाठचं पाणकणीस फार आवडतं म्हणून दोन कोंब आणून लावले, वर्षात सगळी बाग त्याचीच झाली. बाकीची झाडं गुदमरलीत. काय करू?

हा प्रश्न येणारच होता. पाणकणसाचे गड्डे मातीखालून पळतात, आणि एका कणसात लाखाच्या पुढे बिया असतात ज्या वाऱ्याने उडून शेजारच्या डबक्यातही जातात. माती मऊ असताना गड्ड्यासकट उपसा, तुकडा राहिला तर परत येईल, सहा महिने पहारा ठेवा. ठेवायचंच असेल तर बिनभोकाच्या बादलीत लावून बादली मातीत पुरा, काठ दोन इंच वर, आणि कणसं फुटून कापूस उडायच्या आधी कापा. पुदिन्यासारखं पळणारं काहीही याच पद्धतीने लावायचं. जलपर्णी आणि बेशरम मात्र बादलीतही नको, ओढ्या-तळ्यात एकदा गेली की ती गावाचा प्रश्न होतात. आणि उपटलेलं नाल्यात टाकू नका, उन्हात पूर्ण वाळवून मग खतात.

प्रश्न : माझा नातू, वय वर्ष 9, विचारतोय की आजीच्या बागेत माणूस बुडेल का, सिनेमात दलदल माणसाला ओढून घेते तशी.

नातवाला सांगा, आजीच्या बागेत गुडघ्यापर्यंतच जाशील आणि वर धपाटा मिळेल. सिनेमातली ओढून घेणारी ती वाळूची दलदल माणसापेक्षा साधारण दुप्पट घन असते, त्यामुळे माणूस कमरेच्या आसपास अडकतो पण डोकं आत जाईपर्यंत बुडत नाही, 2005 साली नेचर या विज्ञान साप्ताहिकात याचा प्रयोगच छापून आला होता. अडकणं मात्र खरं असतं, बाहेर निघताना दमछाक होते आणि भरतीचं पाणी आलं तर जीव जातो, म्हणून खऱ्या दलदलीत एकट्याने जायचं नाही.

आणि त्याला अजून एक गोष्ट सांगा, आवडेल. डेन्मार्कमध्ये 1950 साली पीट खणताना काही लोकांना एक माणूस सापडला, चेहरा शांत, डोक्याला चामड्याची टोपी, हनुवटीवर दाढीचे खुंटही दिसत होते, त्यांना वाटलं नुकताच खून झालाय आणि त्यांनी पोलिसांना बोलावलं. तो निघाला दोन हजार वर्षांपेक्षा जुना. टोलुंड मॅन म्हणतात त्याला. तो बुडून मेला नव्हता, गळ्यात फास होता, पण बॉगच्या थंड, आंबट, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात कुजवणारे जिवाणू चालतच नाहीत म्हणून तो टिकला. आजीच्या बागेला भोकं आहेत आणि हवा आहे, तिथे पुरलेलं काहीही टिकणार नाही, मार्कांचा कागद पुरून उपयोग नाही.

ज्यांच्या घरात तान्ही, रांगती मुलं असतील त्यांना मात्र वेगळं सांगते, अगदी चार बोटं उभं पाणीही अशा मुलांना धोक्याचं असतं. वर पाणी साचू द्यायचं नाही याला हे दुसरं कारण, आणि टबांना जाळी.

प्रश्न : आयरिस लावून तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं भरपूर फुलली, यावर्षी नुसती पानं. खत घालू का?

खत नको, विभागणी करा. गड्डे एकमेकांवर चढलेत. फुलांचा हंगाम संपला की उपटा, मधला जुना पोकळ भाग फेकून द्या, कडेचे टणक तुकडे पानं अर्धी कापून परत लावा. दर तीन-चार वर्षांनी हे करावंच लागतं, कर्दळीलाही. आणि मान वर करून बघा, बाजूच्या झाडाची फांदी वाढून सावली तर आली नाहीये ना, तसं असेल तर आधी फांदी छाटा.